सहआरोपीने दिलेला कबुलीजबाब : खटल्यात तो कसा तपासायचा आणि कुठे अडवायचा

‘पोलिसी खाक्या दाखवताच संशयितांनी गुन्ह्याची कबुली दिली आणि साथीदारांची नावेही सांगितली.’ नाशिकच्या कुठल्याही वर्तमानपत्रात आठवड्यातून दोनतीनदा ही ओळ असतेच. ज्याचे नाव असे ‘घेतले’ गेले, त्याच्या घरचे लोक दुसऱ्या दिवशी सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयात येतात, ते सगळे संपले असे धरूनच. नवख्या वकिलाचाही गोंधळ होतो: एकाने कबूल केले म्हणजे दुसऱ्यावरचा गुन्हा शाबीत झाला का?

नाही झाला. मात्र ‘सहआरोपीचे बोलणे म्हणजे शून्य’ हेही खरे नाही. कायद्याने त्याला एक ठरावीक, मर्यादित जागा दिली आहे. ती कशी मोजायची याची पद्धत पुढे दिली आहे. बचावाचे काम करणाऱ्याला ती लागते आणि सरकारी पक्षालाही, कारण कबुलीजबाबावर टेकून उभी केलेली शिक्षा अपिलात पहिल्याच धक्क्याला पडते.

आधी तारीख, मग कलम

फाइल हातात आली की कोणता कायदा लागू आहे ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. पण त्या दिवशी जे तपास, खटले आणि अपिले प्रलंबित होती, ती साक्ष्य अधिनियमाच्या कलम १७० प्रमाणे आणि संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे जुन्याच कायद्याने चालतात. म्हणून एकाच दिवशी, एकाच कोर्टात, एका फाइलवर ‘कलम ३०’ आणि दुसरीवर ‘कलम २४’ असा युक्तिवाद चालतो. विषय एकच आहे.

जोडी लिहून ठेवा: सहआरोपीचा कबुलीजबाब, जुने ३०, नवे २४. पोलिसांपुढची कबुली, जुने २५ आणि २६, नवे २३. त्यातून होणारी वस्तूंची जप्ती, जुने २७, आता कलम २३ चे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद. धाक, आमिष, जबरदस्ती, जुने २४, नवे २२. दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब, जुन्या फौजदारी संहितेचे १६४, नव्या संहितेचे १८३.

कबुली कोणासमोर दिली, ते पाहा

कागद वाचायला घेण्याआधी एवढाच प्रश्न विचारायचा. उत्तर ‘पोलीस अधिकारी’ असेल तर ती कबुली कोणाविरुद्धही शाबीत करता येत नाही. बोलणाऱ्याविरुद्धही नाही, मग दुसऱ्याविरुद्ध तर दूरच. पोलीस कोठडीत असताना तिसऱ्या माणसाला, म्हणजे पंचाला, नातेवाइकाला किंवा डॉक्टरला सांगितले तरी तीच गत. दंडाधिकारी प्रत्यक्ष हजर असेल तरच अपवाद.

घोळ होतो तो मेमोरंडम पंचनाम्यात, म्हणजे ‘वस्तू काढून दाखवतो’ हे आरोपीचे बोलणे पंचांसमोर लिहून घेतात त्या कागदात. त्यातली ठरलेली ओळ अशी असते: ‘मी व माझा साथीदार अमुक, आम्ही दोघांनी मारलेला कोयता मी गोदावरीच्या काठावर लपवून ठेवला आहे, चला दाखवतो.’ कोयता निघतो, पंच सह्या करतात, आणि दोषारोपपत्रात ते वाक्य अख्खे उतरते. पण कलम २३ चे परंतुक फक्त तेवढाच तुकडा आत घेते, ज्याचा निघालेल्या वस्तूशी थेट संबंध आहे. ‘मी लपवून ठेवला आहे, दाखवतो’ हा तो तुकडा. ‘आम्ही दोघांनी मारलेला’ आणि साथीदाराचे नाव बाहेर राहते. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय) पुलुकुरी कोटय्या प्रकरणात हे स्पष्ट केले, आणि आजही तोच निकष आहे. शिवाय ती जप्ती ज्याने वस्तू काढून दिली त्याच्याविरुद्ध चालते, ज्याचे नाव घेतले त्याच्याविरुद्ध नाही.

म्हणून पंचाचा सरतपास (सरकारी पक्षाकडून होणारी साक्ष) चालू असतानाच उठून हरकत घ्या आणि नावाचा भाग निशाणीतून, म्हणजे पुराव्यात क्रमांक पडलेल्या कागदातून, वगळण्याची मागणी करा. न्यायाधीश हरकत ‘निकालाच्या वेळी पाहू’ म्हणाले तरी ती नोंदवून घ्या. मेमोरंडम एकदा अख्खा निशाणी म्हणून पडला की पुढे तो कोणी वाचेल आणि कसा वाचेल, हे तुमच्या हातात राहत नाही.

कोठडीबाहेर, गावातल्या कोणा खासगी माणसाला दिलेली कबुली कायद्याने चालते, पण तिला तीन ठिकाणी भेग असते. ऐकणारा कोण, त्याने किती दिवसांनी पोलिसांना सांगितले, आरोपी त्याच्याकडेच का गेला, याची उत्तरे पटली नाहीत तर ती बोलणाऱ्याविरुद्धच टिकत नाही; सहआरोपीविरुद्ध वापरायचा प्रश्नच येत नाही.

दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब : कागद कसा वाचायचा

खरी झुंज या कागदावर असते. कलम १८३ चा कबुलीजबाब नीट नोंदवला असेल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे तो खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरते. दंडाधिकाऱ्याला साक्षीला बोलवावेच लागते असे नाही. म्हणून दोष कागदातच शोधावे लागतात. दोषारोपपत्रासोबत त्याची प्रत मिळाली का ते आधी पाहा. संहितेच्या कलम २३० प्रमाणे ती आरोपीला विनामूल्य द्यायची असते. प्रत अपुरी किंवा अस्पष्ट असेल तर अर्ज करून कोर्टातल्या मूळ कागदाची नक्कल घ्या. मग पुढच्या गोष्टी रिमांडच्या कागदांशी आणि रोजनाम्याशी (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीशी) ताडून बघा.

आदल्या रात्री तो कुठे होता? पीसीआरमध्ये (पोलीस कोठडीत) की एमसीआरमध्ये (न्यायालयीन कोठडीत)? सरवणसिंग प्रकरणात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कबुली देणाऱ्याला विचार करायला साधारणपणे किमान २४ तास द्यावेत, आणि ते पोलिसांच्या प्रभावाबाहेर. दुपारी १२ वाजता पीसीआर संपवून एमसीआर दिली आणि त्याच दुपारी ४ ला जबाब, असे दिसले की तिथे लाल पेन्सिलने खूण करा.

त्याला काय काय विचारले? तू कबुली द्यायला बांधील नाहीस. दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. मी दंडाधिकारी आहे, पोलीस नाही. नकार दिलास तरी तुला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात देणार नाही. या गोष्टी सांगून, उत्तरे घेऊन, स्वखुशीची खात्री पटवून मगच पुढे जायचे असते. उत्तरे सगळी ‘होय’, ‘होय’, ‘नाही’ अशी छापील साच्यातली असतील, तर स्वखुशी तपासली गेली असे म्हणता येत नाही. ‘कबुली का देतोस?’ या प्रश्नाला त्याने स्वतःच्या शब्दांत काय उत्तर दिले, ते शोधा. ते नसेल तर जबाबाचा कणाच नाही.

ताकिदीतल्या शेवटच्या मुद्द्याला, पोलिसांकडे परत न पाठवण्याच्या, आता जास्त वजन आले आहे. जुन्या कायद्यात पहिल्या १५ दिवसांनंतर पोलीस कोठडी मिळत नसे. नव्या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे ते १५ दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येतात. तुरुंगात गेलेला माणूसही पुन्हा पोलिसांच्या हाती येऊ शकतो, आणि ही भीती त्याच्या डोक्यात असते. म्हणून ‘नकार दिल्यास पोलिसांकडे पाठवणार नाही’ हे वाक्य त्याला कळेल अशा भाषेत सांगितले का, हे आता पूर्वीपेक्षा बारकाईने बघायला हवे.

भाषा हा नाशिक जिल्ह्यातला खास मुद्दा आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या भागांतला आरोपी घरी कोकणी (आदिवासी कोकणांची बोली), भिली किंवा अहिराणी बोलतो. कागद मात्र शुद्ध प्रमाण मराठीत असतो: ‘सदर इसमास मी धारदार शस्त्राने जबर दुखापत केली.’ ही भाषा त्याची नाही. कायद्याप्रमाणे शक्य तिथे त्याच्याच भाषेत जबाब घ्यायचा असतो. ते जमत नसेल तर न्यायालयाच्या भाषेत, पण त्याला समजावून, वाचून दाखवून. दुभाषा होता का, त्याचे नाव कागदावर आहे का, ते पाहा.

शेवटी दंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र. जबाबाखाली आरोपीची सही किंवा अंगठा, आणि त्याखाली दंडाधिकाऱ्याच्या सहीने ‘तो स्वखुशीने दिला आहे असे मला वाटते’ अशा आशयाची नोंद लागते. ही राहिली तर ती तांत्रिक चूक म्हणून संहितेच्या कलम ५०९ खाली साक्ष घेऊन भरून काढण्याचा प्रयत्न सरकारी पक्ष करील. नोंद राहून गेली असेल तर भरता येते. पण ताकीदच दिली नसेल तर ती साक्षीने देता येत नाही, हा फरक युक्तिवादात सोडू नका. नव्या कायद्याप्रमाणे आरोपीच्या वकिलाच्या उपस्थितीत दृकश्राव्य चित्रीकरणही करता येते. ते केले असेल तर प्रत मागा आणि कागदाशी शब्दन्‌शब्द ताडा.

जबाब मागे घ्यायचा असेल तर उशीर करू नका. पुढच्या तारखेलाच लेखी अर्ज द्या. माणूस नाशिकरोड कारागृहात असेल तर कारागृह अधीक्षकांमार्फतही अर्ज पाठवता येतो. दोन वर्षांनी संहितेच्या कलम ३५१ च्या जबाबात (न्यायालय आरोपीला पुराव्याबद्दल प्रश्न विचारते तेव्हा) पहिल्यांदा ‘मला मारहाण केली होती’ म्हटले तर त्याला वजन राहत नाही.

मकोकाचा अपवाद

संघटित गुन्हेगारीच्या खटल्यांत पोलिसांसमोरच्या कबुलीबाबतचा वरचा नियम लागू होत नाही. मकोका (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा), १९९९ च्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली चालते, आणि ती सहआरोपी, चिथावणी देणारा व कटात सामील असलेला यांच्याविरुद्धही चालते. अट अशी की ते सगळे त्याच खटल्यात एकत्र आरोपी असले पाहिजेत. नाशिक ग्रामीणला अधीक्षक आहेत, शहरात आयुक्तालय असल्याने त्या दर्जाचे काम पोलीस उपायुक्त करतात. तपासायचे ते हे: नोंदवणारा अधिकारी खरेच त्या दर्जाचा होता का, वातावरण मोकळे होते का, ताकीद लिहिली आहे का, आणि जबाब व माणूस दोन्ही विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यासमोर गेले का. दंडाधिकाऱ्याने त्याला काय विचारले आणि त्याने अंगावरच्या जखमा दाखवल्या का, तो कागद वेगळा असतो. तो न चुकता मागवा.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत मात्र उलटे झाले आहे. तूफानसिंग प्रकरणात २९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की एनडीपीएस कायद्याच्या कलम ६७ खाली अधिकाऱ्याला दिलेला जबाब कबुली म्हणून वापरता येत नाही. एमडीच्या (मेफेड्रोनच्या) पुड्या एकाकडे सापडल्या आणि त्याने ‘माल अमुककडून घेतला’ म्हटले, एवढ्यावरच अमुकाला आरोपी केले असेल, तर जामिनाच्या अर्जात हा निकाल पहिल्या परिच्छेदात घाला.

कलम २४ चे दार

समजा जबाब कायदेशीर निघाला. तरी तो दुसऱ्या आरोपीविरुद्ध ‘विचारात घेण्यासाठी’ चार गोष्टी एकत्र लागतात: दोघांचा खटला एकत्र चालला पाहिजे, तो एकाच गुन्ह्यासाठी चालला पाहिजे, जबाब शाबीत झाला पाहिजे, आणि जबाबाने बोलणारा स्वतःही अडकला पाहिजे. एक जरी कमी असली तरी दार बंद.

‘एकच गुन्हा’ इथे बरेच खटले निसटतात. सोनसाखळी चोरणारा म्हणतो, ‘सोने सराफ बाजारातल्या अमुक सराफाला विकले.’ चोरावर आरोप चोरीचा, सराफावर चोरीचा माल घेतल्याचा. हे दोन वेगळे गुन्हे आहेत, त्यामुळे चोराचा कबुलीजबाब सराफाविरुद्ध कलम २४ ने येत नाही. गुन्ह्याला चिथावणी देणे किंवा गुन्ह्याचा प्रयत्न करणे मात्र त्या कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे ‘त्याच गुन्ह्यात’ धरले जाते. म्हणून दोषारोप निश्चित झाला की प्रत्येक आरोपीपुढचे कलम स्वतंत्र वाचा. ‘सर्वांवर सारखाच आरोप’ असे गृहीत धरू नका.

‘एकत्र खटला’ इथेही असेच. आरोपींपैकी एक १८ वर्षांखालचा असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम २३ प्रमाणे त्याची कार्यवाही प्रौढांबरोबर चालतच नाही. त्याने काहीही सांगितले तरी ते प्रौढ आरोपीविरुद्ध कलम २४ ने वापरता येत नाही. फरार आरोपीचा खटला वेगळा केला, तर पूर्वी त्याचा जबाब बाकीच्यांविरुद्ध बाद व्हायचा. नव्या कायद्याने इथे एक खिडकी उघडली: आरोपी फरार आहे किंवा संहितेच्या कलम ८४ च्या उद्‌घोषणेला जुमानत नाही म्हणून त्याच्या गैरहजेरीत एकत्र खटला चालला, तर तो संयुक्त खटलाच समजायचा. नुसता खटला वेगळा करून बाजूला ठेवणे आणि गैरहजेरीत खटला चालवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजनाम्यात नेमके काय लिहिले आहे ते पाहा.

आणि गुन्हा कबूल करणे, म्हणजे दोषारोप वाचून दाखवल्यावर ‘मला गुन्हा मान्य आहे’ म्हणणे. न्यायालयाने ते स्वीकारून त्याला लगेच शिक्षा दिली की तो एकत्र खटल्यातून बाहेर गेला. त्याची ती मान्यता उरलेल्यांविरुद्ध पुरावा होत नाही. प्ली बार्गेनिंगमध्ये (सौम्य शिक्षेसाठी केलेल्या तडजोडीत) दिलेली विधाने तर संहितेच्या कलम २९९ प्रमाणे दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरता येत नाहीत. कलम ३५१ च्या प्रश्नोत्तरांत एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तरी तो कबुलीजबाब नव्हे. ‘मी फक्त गाडी चालवत होतो, मारले त्यानेच’ हेही कबुली नव्हे. स्वतःला सोडवून दुसऱ्याला अडकवणारे विधान कलम २४ मध्ये बसत नाही.

एका मार्गाने मात्र सहआरोपीचे शब्द थेट पुरावा होतात. त्याने लेखी विनंती करून संहितेच्या कलम ३५३ प्रमाणे स्वतः बचावाचा साक्षीदार म्हणून शपथेवर साक्ष दिली, तर ती इतरांविरुद्धही वाचली जाते. तेव्हा उलटतपास घेण्याचा तुमचा हक्क असतो. तो त्याच दिवशी बजावा.

तोलायची पद्धत

भुबोनी साहू प्रकरणात (१९४९) प्रिव्ही कौन्सिलने सहआरोपीच्या कबुलीला अत्यंत दुबळा पुरावा म्हटले. कारण साधे आहे: तो शपथेवर नसतो, समोर नसतो, त्याचा उलटतपास घेता येत नाही. कश्मीरासिंग प्रकरणात (१९५२) सर्वोच्च न्यायालयाने पद्धत घालून दिली आणि हरिचरण कुर्मी प्रकरणात (१९६४) घटनापीठाने ती पक्की केली. हा कबुलीजबाब साक्ष्य कायद्याच्या व्याख्येतला ‘पुरावा’ नाही, असेही घटनापीठाने म्हटले.

म्हणून क्रम उलटा करू नका. आधी कबुलीजबाब फाइलमधून काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. उरलेला पुरावा त्या एका आरोपीविरुद्ध मोजा. तो विश्वासार्ह असेल आणि शिक्षेला पुरेसा असेल तर कबुलीची गरजच नाही. विश्वासार्ह आहे, पण त्यावर एकट्यावर शिक्षा द्यायला न्यायाधीशाचे मन थोडे अडखळते आहे, तर तेवढ्यापुरता कबुलीचा आधार घेता येतो. उरलेला पुरावाच पोकळ असेल तर कबुली ती पोकळी भरू शकत नाही.

उदाहरण घ्या. राहुड घाटात रात्री कांदा व्यापाऱ्याच्या गाडीतून कोयत्याचा धाक दाखवून ४,८०,००० रुपये लुटले. आरोपी तीन. आरोपी १ ने दंडाधिकाऱ्यासमोर जबाब दिला: ‘मी आणि २ नंबर दुचाकीवरून गेलो, पैसे कुठल्या गाडीत आहेत याची टीप ३ नंबरने दिली.’

आरोपी २ विरुद्ध उरलेला पुरावा: त्याने स्वतः काढून दिलेले ६०,००० रुपये, त्या नोटांच्या बंडलांवर व्यापाऱ्याने पैसे काढले त्याच बँकेच्या पट्ट्या आणि शिक्के, शिवाय व्यापाऱ्याने ओळखपरेडमध्ये त्याला ओळखले. हे टिकले तर कबुलीशिवायही शिक्षा होऊ शकते. ओळखपरेड उशिरा झाली म्हणून न्यायाधीश साशंक असतील तर कबुली तिला टेकू देते.

आरोपी ३ विरुद्ध उरते ते फक्त कॉल डिटेल रेकॉर्ड: त्या संध्याकाळी त्याचे आणि १ नंबरचे चार फोन. ते एकाच गावचे आहेत, रोज बोलतात. फोन काय बोलणे झाले ते सांगत नाहीत. टीप दिली, हे फक्त कबुलीतून येते. कबुली बाजूला काढली की आरोपी ३ विरुद्ध काहीच उरत नाही, आणि तो सुटला पाहिजे. खालच्या कोर्टात मात्र पुष्कळदा उलट क्रमाने लिहिले जाते: ‘आरोपी १ च्या कबुलीत टीपचा उल्लेख आहे, त्याला कॉल रेकॉर्डने दुजोरा मिळतो.’ इथे कबुली पाया झाली आणि पुरावा टेकू. नेमकी हीच चूक लेखी युक्तिवादात दाखवा.

अजून एक सापळा: एका डागाळलेल्याला दुसऱ्या डागाळलेल्याचा दुजोरा. माफीच्या साक्षीदाराची साक्ष आणि सहआरोपीचा कबुलीजबाब एकमेकांना धरून उभे राहू शकत नाहीत. भुबोनी साहूत नेमके हेच झाले होते, आणि शिक्षा रद्द झाली.

माफीचा साक्षीदार : वेगळा रस्ता, वेगळे निकष

सहआरोपीलाच साक्षीदार करून आणायचे असेल तर संहितेच्या कलम ३४३ ची माफी. सत्र न्यायालयात चालणाऱ्या किंवा ७ वर्षांपर्यंत अगर त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यांत दंडाधिकारी कारणे नोंदवून माफी देऊ शकतो. आरोपीने अर्ज केला तर त्या नोंदीची प्रत त्याला विनामूल्य मिळते; हा अर्ज नक्की करा, कारण माफी देताना त्याने पहिल्यांदा काय सांगितले ते तिथेच सापडते. दंडाधिकाऱ्यापुढे माफी झाली असेल तर त्या कोर्टात त्याची साक्ष होणे बंधनकारक आहे, हे सुरेशचंद्र बाहरी प्रकरणात (१९९४) ठरले. खटला संपेपर्यंत, जामिनावर नसेल तर, तो कोठडीत राहतो.

त्याच्या साक्षीला दोन चाळण्या: तो स्वतः विश्वासार्ह आहे का, आणि महत्त्वाच्या तपशिलात प्रत्येक आरोपीपुरता स्वतंत्र दुजोरा आहे का. ‘गुन्हा घडला’ याला दुजोरा म्हणजे ‘या आरोपीने केला’ याला दुजोरा नव्हे. साक्ष्य कायद्याच्या जुन्या कलम १३३ मध्ये दुजोऱ्याशिवायची शिक्षाही नुसत्या त्या कारणाने बेकायदा नव्हती. नव्या कलम १३८ मध्ये शब्द ‘दुजोरा मिळालेली साक्ष’ असे आले आहेत. २०२४ नंतरच्या खटल्यांत हा बदल ठासून मांडा.

नाशिकला हा विषय नवा नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर मुंबईत चाललेल्या नाशिक कटाच्या खटल्यात पिस्तुले घेऊन आलेला चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला होता.

कटाच्या खटल्यांत सरकारी पक्ष साक्ष्य अधिनियमाच्या कलम ८ (जुने १०) कडे वळतो. ते कट चालू असतानाच्या बोलण्याला आणि कृतींना लागू आहे. अटकेनंतरची कबुली म्हणजे कट संपल्यानंतरची गोष्ट. ती या दाराने येत नाही.

सहआरोपीला आधीच शिक्षा झाली असेल तर

वेगळ्या चाललेल्या खटल्यात एकाला शिक्षा झाली, त्याचा निकाल पुढच्या आरोपीच्या खटल्यात निशाणी म्हणून दाखल करण्याचा प्रयत्न होतो. तो निकाल या आरोपीच्या दोषाचा पुरावा नाही. निकाल कोणत्या मोजक्या कामांसाठी वापरता येतो ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३४ ते ३७ मध्ये आहे, आणि त्यात हे नाही. एका खटल्यातला साक्षीपुरावा दुसऱ्या वेगळ्या खटल्यात उचलून वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ए. टी. मैदीन प्रकरणात (२०२१) सांगितले. साक्षीदारांना पुन्हा तपासायलाच हवे. शिक्षा भोगणारा किंवा सुटलेला सहआरोपी आता आरोपी नाही, म्हणून त्याला शपथेवर साक्षीला आणता येते. पण त्याची साक्षही साथीदाराचीच, दुजोरा लागतोच.

कोणत्या टप्प्यावर काय करायचे

एकाच वकिलाने सगळ्यांचे वकीलपत्र घेतले असेल आणि त्यातल्या एकाने कबुलीजबाब दिला, तर त्याच दिवशी वकीलपत्रे वेगळी करा. दोघांचे हित आता समोरासमोर आहे. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा; कोठडीत असलेल्याला उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो.

दोषमुक्तीचा (दोषारोप निश्चित होण्याआधीच सुटकेचा) अर्ज सत्र खटल्यात सुपूर्दीपासून, म्हणजे खटला सत्र न्यायालयाकडे पाठवल्यापासून, ६० दिवसांच्या आत द्यायचा असतो. दीपकभाई पटेल प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने सहआरोपीच्या पोलिसांपुढच्या विधानावर दोषारोप निश्चित होऊ शकत नाही असे सांगून आरोपीला दोषमुक्त केले. अर्जात तक्ता करा: डावीकडे प्रत्येक पुराव्याचा तुकडा, उजवीकडे तो कोणाच्या तोंडून आला. ‘सहआरोपी’ सोडून उजवीकडे काही नसेल तर न्यायाधीशाला वेगळे सांगावे लागत नाही.

तपासी अंमलदाराच्या उलटतपासात एवढेच विचारा: या आरोपीचे नाव सर्वांत आधी कोणाकडून आणि कोणत्या तारखेला कळले? त्याआधी त्याच्याविरुद्ध तुमच्याकडे काय होते? पुढे खोदू नका. ‘गुप्त बातमीदाराकडून’ असे उत्तर आले की थांबा. जास्त विचारलेत तर तो कबुलीच तोंडी सांगून टाकतो, तुमच्याच प्रश्नाला उत्तर म्हणून.

कलम ३५१ च्या प्रश्नांत सहआरोपीचा जबाब तुमच्या आरोपीपुढे ठेवला गेला का ते पाहा. ठेवला नसेल तर तो त्याच्याविरुद्ध वापरण्याला हरकत घेता येते. ठेवला असेल तर नुसते ‘खोटे आहे’ लिहून सोडू नका. त्याने नाव का घेतले असेल याचे कारण असेल तर ते तिथेच, दोन वाक्यांत, लेखी द्या: शेतीच्या बांधाचा वाद, उसनवारी, जे खरे असेल ते.

शिक्षा झालीच तर निकालाची प्रत आरोपीला तिथेच विनामूल्य मिळते. सत्र न्यायालयाच्या निकालावर मुंबई उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस, दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस. प्रत हातात आली की पेन घेऊन बसा आणि कबुलीजबाबाचा पहिला उल्लेख कोणत्या परिच्छेदात आहे ते शोधा. तो बाकीच्या पुराव्याच्या चर्चेआधी आला असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तिथूनच लिहायला घ्या.